रत्नागिरीहून बर्फाकडे

प्रवास आठ-दहा दिवसांचा असतो. त्याचा बेत आठ-दहा महिने चालतो. त्यामुळे खरे किस्से प्रवासात घडत नाहीत, बेतात घडतात, असे माझे मत आता पक्के झाले आहे. प्रवासातली माणसे फोटो काढण्यात गुंतलेली असतात. बेत करणाऱ्यांचे हात मोकळे असतात, आणि तोंडेही! एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याचे बोट धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि समोरचा चहा निवून जातो.

आमचे मंडळ चौघांचे. राजापूरकडचा बापू हा आंबा-बागायतदार, वय पंचेचाळीस, कड्यावर कोणी चढत असताना खाली उभे राहून दोर सांभाळावा तर त्यानेच. प्रसाद अभियंता, पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेला, आमचा ‘लीडर’. नाझिया माझी जुनी विद्यार्थिनी. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि चढण्यात आम्हा सर्वांत श्रेष्ठ आहे. चौथा मी, निवृत्त शिक्षक. मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. मी चढत नाही. गुडघे चढू देत नाहीत. मंडळाचा पत्रव्यवहार, निरोप आणि शुद्धलेखन माझ्याकडे असते.

गेल्या वैशाखात, तापलेल्या कातळावर पाय ठरत नव्हता अशा एका रविवारी, प्रसादने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. हिमाचलातल्या स्पितीमधला एक धबधबा थंडीने जागच्या जागी गोठला होता, आणि दोन्ही हातांत कुऱ्हाडी घेतलेला एक माणूस त्यावर चढत होता.

“पाणी उभं राहिलंय रे!” बापू म्हणाला. “आणि आपण हितं उभे राहून वितळतोय.”

“जायचं,” नाझिया म्हणाली.

एकच शब्द, पण वाक्य पूर्ण होते.

*

मंडळाच्या वहीत ठराव लिहायचा होता. ‘आइस क्लाइंबिंग’ला मी ‘हिमारोहण’ असे लिहिले.

बापूने वाचले आणि मान हलवली. “सर, हिम म्हंजे पडतं ते. हे पडलेलं नाय, उभं हाय.”

आक्षेप रास्त होता. दोन दिवस विचार करून मी ‘घनीभूतप्रपातारोहण’ हा शब्द सिद्ध केला. समास निर्दोष होता. प्रसादने तो तीनदा म्हणून पाहिला.

“सर, हा शब्द पुरा होईपर्यंत चढणारा खाली आलेला असेल!”

ठरावात शेवटी ‘बर्फावर चढणे’ असे लिहिले गेले. ते अक्षर माझे नाही.

*

स्पितीत बर्फावर चढायला शिकवणारे एक शिबिर भरते, त्याचा अर्ज आला. त्याला जोडून एक संमतीपत्र होते. त्यावर घरच्या एका माणसाची सही हवी. बापूच्या पत्रावर सुलभावहिनींनी उभ्या-उभ्या सही केली. प्रसादच्या आईने पत्र दोनदा वाचून, देवापुढे ठेवून केली.

नाझियाच्या घरी ती सही हसनभाईंची, म्हणजे तिच्या अब्बांची. हसनभाईंचा बंदरावर बर्फाचा कारखाना आहे. मासेमारीला निघणारी प्रत्येक बोट तिथून बर्फाच्या लाद्या भरून निघते. छत्तीस वर्षे त्यांनी लाद्या ओढल्या आहेत, आणि त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना त्यापायी आता काहीच कळत नाही. चहाचा उकळता ग्लास ते त्या दोन बोटांत धरतात. तेवढाच त्यांचा फायदा, असे स्वतःच सांगतात.

हसनभाईंनी पत्र वाचले, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.

“बघू,” म्हणाले.

आमच्याकडे ‘नाही’वर वाद घालता येतो. ‘बघू’वर येत नाही!

“तू सज्ञान आहेस,” प्रसाद नाझियाला म्हणाला. “दुसऱ्या कुणाची तरी सही घे. मामांची घे.”

“मी भांडून जाणार नाही,” ती म्हणाली. “भांडून बोट सोडत नाहीत आमच्याकडं.”

तरी प्रसादने दिल्लीच्या गाडीची तीन तिकिटे काढली. दोन काढून पाहिली होती म्हणे. मग मोबाइल खाली ठेवला, पाणी प्यायला आणि तिसरे काढले.

*

स्पितीतल्या काझाच्या अलीकडच्या एका गावात राहण्याची सोय करायची होती. फोन मी करावा, असे ठरले. कारण हिंदी माझी शुद्ध. माझी हिंदी संस्कृतातून येते, हे मी नाकारीत नाही.

“महोदय,” मी म्हणालो, “मेरे तीन शिष्य माघ मास में आपके ग्राम में निवास करेंगे। प्रपात पर आरोहण का संकल्प है।”

पलीकडचे यजमान फार अदबीने बोलले. प्रत्येक वाक्याला “जी गुरुजी, जी गुरुजी” म्हणाले. इतका सौजन्यपूर्ण माणूस मी फोनवर क्वचितच ऐकला आहे.

तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला. “गुरुजी, बड़ा कमरा पूजा के लिए खाली कर दिया है। रसोई शुद्ध शाकाहारी रहेगी। हवन अंदर होगा या बाहर?”

बापू मटकन बसला. “दहा दिवस शाकाहारी? सर, त्यापेक्षा मी त्या धबधब्यावरून उडी मारतो!”

नाझियाने माझ्या हातून फोन घेतला. “भैया, हम चढ़ने आ रहे हैं। बर्फ पे।”

“अच्छा, चढ़नेवाले! तो पहले बोलना था ना!”

मग प्रसादने फोन घेतला. त्याला रस्त्याची चिंता होती. शिमल्यापासून पुढचा दोन दिवसांचा रस्ता हिवाळ्यात उघडा असतो. पण बर्फ फार पडला तर बंद होतो. “रास्ता बंद कब होता है?” त्याने पेन सरसावून विचारले.

“साहब, जब बंद होता है, तब पता चलता है।”

प्रसादचा सारा बेत संगणकावरच्या एका तक्त्यात असतो. त्याला तो ‘एक्सेल’ म्हणतो. मी ‘कोष्टकपट’ असा प्रतिशब्द सुचवला होता, तो कोणी वापरला नाही, मीही नाही. त्या तक्त्यात गाडी, बस, मुक्काम, बॅकअप प्लॅन, बॅकअपचा बॅकअप, असे रकाने होते. रस्त्याच्या रकान्यात त्याने बराच वेळ काही लिहिले नाही. मग लिहिले: ‘पता चलेगा’.

त्या तक्त्यातली खात्रीने खरी ठरणारी नोंद तेवढीच होती.

*

ऑक्टोबरच्या उकाड्यात बापूचे पिसे भरलेले जाकीट कुरियरने आले. मापाला बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी त्याने अंगणात ते घातले, चेन हनुवटीपर्यंत ओढली, आणि चेन तिथेच अडकली.

सुलभावहिनींनी मेण लावले, खोबरेल लावले. “कात्री लावू?”

“लाव! पण जाकिटाला नको, माझ्या मानेला लाव!”

पक्कड, चिमटे आणि अशा कामाला लागणारी चिकाटी प्रसादकडे होती, आणि प्रसाद रत्नागिरीत. बापू तसाच राजापूरच्या स्थानकावर आला आणि एसटीत चढला. बाहेर माणसे सदऱ्याच्या गुंड्या सोडून वारा घेत होती. बापूच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तो जाकिटात कुडकुडल्यासारखा थरथरत होता. खरे तर चेन उघडण्याची खटपट आतून करीत होता.

कंडक्टरने तिकीट लांबूनच दिले. “काका, थंडी वाजून येतेय काय? किती दिवस?”

“सकाळपासनं,” बापू खरे तेच बोलला.

शेजारचा उतारू उठला. मग पुढच्या बाकावरचे दोघे. मग मागचे.

रत्नागिरीला उतरल्यावर तो आम्हाला म्हणाला, “सर, सबंध सीटवर आडवा पडून आलो. थंडीच्या कपड्याचा उपेग हाय बरं का!”

*

शिबिर जानेवारीत; आणि जानेवारीत हापूसला मोहोर. मोहोराच्या दिवसांत बागायतदाराने बाग सोडणे म्हणजे लग्नाच्या दिवशी वधूपित्याने मासे पकडायला जाणे. प्रसादने तक्त्यात ‘मोहोर’ असा रकाना उघडला आणि बापूला तारीख विचारली.

“मोहोराला कोण रिझर्व्हेशन देतंय?” बापू म्हणाला. “येईल तवा येईल.”

शेवटी तो हिरमुसला. “मी नाय येत. फवारणी कोण बघणार?” दोर धरणारा बापूच नसेल तर नाझियाचे जाणेही कठीण होते. दुसऱ्या कोणाच्या हातात आपला दोर द्यायला ती तयार नसते.

मी समजूत घालायला राजापूरला गेलो. बापूने बागेच्या कडेला उभे राहून मला मोहोर, तुडतुडे, औषधाचे प्रमाण, फवारणीची वेळ, सारे विस्ताराने सांगितले. सुलभावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

“आणि मी नसताना हे सगळं कोण करणार?” बापूने शेवट केला.

“तुम्ही असताना कोण करतं?” वहिनी म्हणाल्या.

मी चहा घेतला. बापूने प्रसादला फोन लावला. “बायकोनं रजा दिलीन!”

*

आता कारखान्याचा किस्सा. आणि यात चूक माझी आहे, म्हणून तो मी स्वतःच सांगतो.

शिबिराला जाण्याआधी बर्फावर कुऱ्हाड मारण्याचा सराव हवा. रत्नागिरीत बर्फ कुठे? हसनभाईंकडे. नाझियाने विचारले, हसनभाई म्हणाले, “लाद्या घ्या. सही मागू नका.”

कारखान्याच्या दारात एक काळा फळा आहे. बर्फ भरून जी बोट समुद्रावर जाते तिचे नाव हसनभाई त्यावर खडूने लिहितात. पुढे तिने किती लाद्या नेल्या ते. शेजारी खिळ्याला एक जुने फडके टांगलेले असते. त्या दिवशी फळ्यावर एका बोटीचे नाव फार अशुद्ध लिहिलेले होते. सवयीने माझा हात फडक्याकडे गेला.

मनगट कोणीतरी घट्ट धरले.

“सर!” हसनभाई होते. आवाज चढलेला नव्हता. पण हमालांचे हात थांबले. “जो जातो त्याचं नाव मी लिवतो. परत आला की तांडेल स्वतः येऊन पुसतो. दुसऱ्यानं हात लावायचा नाय.”

“शुद्धलेखनासाठीदेखील?”

“बोट येऊ द्या. मग शुद्ध करा.”

ती बोट चार दिवसांनी आली. तिच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाने, खारट हातांनी ते अशुद्ध नाव पुसले, तेव्हा मी तिथे होतो. आयुष्यात मी हजारो चुका लाल शाईने सुधारल्या. चूक पुसली जाताना इतके बरे कधी वाटले नव्हते.

*

लाद्या मिळाल्या, पण एकावर एक रचून त्यांची भिंत कशी करायची? प्रसादने कारखाना निरखला. तिथे पाण्याचे डबे मिठाच्या पाण्याने भरलेल्या टाकीत बुडवून ठेवतात आणि त्यांत बर्फ होतो. अभियंत्याने अनुमान काढले, “मिठानं बर्फ होतो. म्हणजे सांध्यात मीठ भरलं की लाद्या चिकटतील.”

तर्कशास्त्र मी शिकलो आहे. मलाही अनुमान निर्दोष वाटले!

प्रत्येक सांध्यात मूठ-मूठ खडे मीठ भरले. भिंत उभी राहिली. आम्ही मागे सरून पाहू लागलो. भिंतीने आधी किंचित वाकून नमस्कार केला, आणि मग आमच्या पायांशी साष्टांग घातला.

हसनभाईंनी आधी पाणी वाहून जाऊ दिले. “इंजिनेर साहेब, टाकीत मीठ घालतात ते टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून. हे हितलं मांजरसुद्धा जाणतं.”

मांजर लादीवर बसले होते. त्याने दुसरीकडे पाहिले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर आतल्या थंड खोलीत भिंत उभी होती. दीड पुरुष उंच, सरळ, एकसंध. सांध्यांत साधे पाणी घालून, ते गोठण्याची वाट पाहून, हसनभाईंनी ती चार दिवस बांधली होती.

“भिंत बांधली म्हंजे सही केली, असं नाय हां,” त्यांनी मला बजावले.

नाझिया चढू लागली. टक्. टक्. हसनभाई तिच्याकडे पाठ करून यंत्राचा काटा बघत उभे राहिले. चौथ्या घावाला ते न वळता म्हणाले, “ते पोकळ हाय. डावीकडं मार.”

नाझियाने कुऱ्हाड डावीकडे मारली. उजवीकडचा तुकडा एवढा मोठा खाली आला!

*

डिसेंबर अर्धा सरला आणि पत्र खिशातच राहिले. तेव्हा मंडळाने मला वकील म्हणून पाठवले. मी नऊ मुद्दे काढून नेले होते.

हसनभाईंनी पहिला मुद्दा ऐकला. “सर, तुम्ही चढणार?”

“नाही.”

“का?”

“गुडघे.”

“मग माझ्या पोरीच्या गुडघ्यांची कोण जिम्मेदारी घेतंय?” त्यांनी दोन बोटांतला ग्लास वर केला. “मी बर्फाला ओळखतो. बर्फ मला ओळखत नाय. ह्या बोटांना विचारा.”

मी दुसऱ्या मुद्द्यावर आलो. दोर मजबूत आहे, खाली धरणारा अनुभवी आहे.

“कोण धरतो?”

“बापू.”

“तो आंबेवाला? बागेची फवारणी बायकोवर टाकून चाललाय तो?”

उरलेले सात मुद्दे मी घडी करून परत आणले.

*

बापूला हे कळले तेव्हा त्याला राग आला. कधी नव्हे तो! रत्नागिरीला येऊन तो थेट कारखान्यात गेला, मागोमाग आम्ही.

“हसनभाई, माझ्या बागेविषयी बोला, बायकोविषयी बोला,” तो म्हणाला. “दोराविषयी नाय बोलायचं. दोर मी धरतो, चढा.”

“कोण?”

“तुम्ही.”

हसनभाई पासष्टीचे. हमाल हसले, आणि त्या हसण्यामुळेच हसनभाईंनी लुंगी सोडून पँट चढवली. छताच्या तुळईवरून दोर घेतला. नाझियाने स्वतः त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, गाठ दोनदा तपासली. बापूने त्यांना वर घेतले आणि दहा फुटांवर थांबवले.

“आता हात सोडा,” बापू खालून म्हणाला.

हसनभाईंनी दोर धरलेले हात सोडले नाहीत. बराच वेळ. मग आधी डावा सोडला. मग उजवा.

दोर तसूभरही सरकला नाही. बापूच्या नाकावर एक माशी येऊन बसली. मासळीच्या बंदरावरची माशी ती, सहजी उठणारी नव्हे. त्याने मान हलवली नाही, फुंकरसुद्धा मारली नाही. दोन्ही हात दोरावर, नजर वर.

पाच मिनिटे झाली. सात झाली.

“अब्बा, खाली घेऊ?” नाझियाने विचारले.

वरून आवाज आला, “चहा वर पाठवा.”

बादलीला दोरी बांधून चहा वर गेला. तो त्यांनी शांतपणे, पाय हलवीत प्याला. कारखाना वरून कधी पाहिला नव्हता, म्हणाले. पत्र्याला दोन ठिकाणी गंज धरला आहे, म्हणाले. खाली आल्यावर बापूच्या नाकावरची माशी आपल्या हाताने उडवली आणि यंत्र बघायला निघून गेले.

सहीचे नाव कोणी काढले नाही.

*

निघण्याचा दिवस उजाडला. गाडी दुपारची. बापू राजापूरहून पहिल्या एसटीने आला, जाकीट हातावर घेऊन. प्रसादने तक्ता छापून आणला होता. नाझियाची पिशवी भरलेली होती, पण ती आदल्या दिवशी मला एवढेच म्हणाली होती, “सर, कारखान्यावरनं जाऊ. अब्बा काही बोलले तर बोलले. नाहीतर मी तिथनंच घरी जाईन.”

चौघेही रिक्षाने बंदरावर गेलो. बोटींची बर्फ भरण्याची घाई चालली होती. हसनभाई हमालांबरोबर लादी ढकलत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

नाझिया दारातच थांबली. मला वाटले, पाय अडला. मग तिच्या खांद्यावरून मला फळा दिसला.

तीन बोटींची नावे होती. पुढे लाद्या: चाळीस, साठ, पंचेचाळीस. चौथ्या ओळीत, त्याच खडूने, त्याच वळणाच्या अक्षरात:

‘नाझिया. बर्फ तिकडचा.’

बापूने जाकीट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले. बोलला तो प्रसाद, कारण त्याच्या तक्त्यात एक रकाना अजून रिकामा होता.

“चाचा, ते... पत्रावर सही?”

“बोटवाल्यांनी कधी मागितली नाय!” हसनभाई म्हणाले. पण त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पत्र काढले, लादीवरच ठेवले आणि सही केली. कागद ओला झाला, शाई पसरली. प्रसादने तो दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरला.

मी फळ्याजवळ उभा होतो. चौथ्या ओळीत सुधारण्यासारखे मला काही सापडले नाही.

नाझिया अब्बांकडे गेली. ते पुढची लादी ओढू लागले होते. ती दुसऱ्या बाजूने लादीला लागली आणि दोघांनी मिळून ती बोटीच्या काठापर्यंत नेली. परत येताना तिचा धक्का लागून खिळ्यावरचे फडके खाली पडले. तिने ते उचलले, झटकले आणि सोबत न्यायला खिशात घालणार, एवढ्यात हसनभाई म्हणाले,

“ते हितंच टांग गो. आल्यावर लागेल तुला.”